पेटी चावते



वर्धापनदिनाला आपल्यापैकी दोघी-तिघींनी काही बोलावे, ही आपल्या मंडळाची जुनी रीत. आजवर पाककृती झाल्या, आजीबाईचा बटवा झाला, भिशीचा हिशेब कसा ठेवावा हेही झाले. या खेपेला चिटणीसबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तुमच्या त्या गाण्याच्या पेटीचं सांगा." मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंत, विजेवर मी काय बोलणार? तर म्हणाल्या, "तुम्ही जे केलंत तेच सांगा, जास्तीचं काही नको." तेव्हा जे केले आणि ते करताना जाणत्या माणसाकडून जे समजले, तेवढे आपल्यापुढे ठेवते.

आमच्या माजघरात एक अँप्लिफायर आहे. पत्र्याची काळी पेटी, दोन बाजूंना दोन लाकडी स्पीकर आणि मागून निघालेली एक जाड वायर. ह्यांनी २०११ साली ओळखीतल्या एका गृहस्थांकडून ती जुनीच घेतली. घेतली ती हौसेने, पण पुढे ती हौसेची राहिली नाही. माझ्या सासूबाईंची नजर काचबिंदूने गेली. आम्ही त्यांना आई म्हणतो. नजर गेल्यापासून त्यांचा सारा दिवस त्या पेटीवर चालतो. सकाळी अभंग, दुपारी कीर्तन, दिवेलागणीला पुन्हा अभंग. माझ्या मुलाने पेनड्राइव्हवर सगळे क्रमाने भरून दिले आहे. कोणते बटण कुठे हे त्यांना बोटांनी पाठ आहे; कोणाला हाक मारावी लागत नाही. घरात दुसऱ्याला हाक न मारता करता येईल अशी त्यांची एवढी एकच गोष्ट उरली आहे, हे लक्षात घ्या, म्हणजे मी एवढी मागे का लागले ते समजेल.

२०२३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. कीर्तन ऐन रंगात आले की पेटी खर्र करायची आणि गप्प व्हायची. कोणी जवळून गेले, फरशीला धक्का बसला, की पुन्हा बोलायची. मुलाने वायर एका बाजूला वाकवून तिच्यावर वरवंटा ठेवून पाहिला. दोन दिवस चालली आणि पुन्हा तेच. शेवटी बाजारपेठेतल्या एका दुकानात नेली. दुकानदाराने झाकण काढले नाही की वायरीला हात लावला नाही. "संच जुना आहे, आतले भाग आता मिळत नाहीत, नवीन घ्या," एवढे सांगून त्याने नव्या पेट्या दाखवायला सुरुवात केली. साडेचार हजारांपासून पुढे! मी पेटी पिशवीत घालून घरी आणली.

याच दिवसांत आई एक निराळीच तक्रार करीत होत्या. "गो, ही पेटी चावते," त्या म्हणत. बटण लावायला हात नेला की बोटांना झिणझिण्या येतात, कधी येतात, कधी नाही. घरात कोणी ते मनावर घेतले नाही. कोणी म्हणाले मुंग्या आल्या असतील, कोणी म्हणाले वयाप्रमाणे नसा अशाच होतात. आवाज बंद पडला की चौघे धावत, पण पेटी चावते म्हटले की सगळे हसत. मला मात्र ते पटेना. डोळे गेल्यापासून त्या बोटांनीच घर ओळखतात. वाटीतले मीठ की साखर ते त्या बोटाने सांगतात. मग पेटीपाशीच त्यांचे बोट चुकेल कसे? शिवाय एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितल्यापासून मी घरातही स्लीपर घालते, ह्यांच्या आणि मुलाच्या पायांतही असते. आई जन्मात घरात चप्पल घालणार नाहीत. पेटीला हात लावणाऱ्यांत अनवाणी त्या एकट्याच.

आमच्या शेजारी एक निवृत्त वायरमन राहतात. सारी नोकरी खांबावर चढण्यात गेली, आता काठी टेकत चालतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांना बोलावले. त्यांनी टेस्टरचे टोक पेटीच्या पत्र्याला लावले आणि आतला लाल दिवा पेटला. सगळे हसायचे थांबले.

भाऊ म्हणाले, "वहिनी, टेस्टर पेटला म्हणजे भीती आहे एवढंच कळतं. किती आहे ते कळत नाही. कधी कधी चांगल्या संचाच्या पत्र्यावरही अर्थिंग नसेल तर थोडा करंट असतो आणि टेस्टर पेटतो. कधी आतली वायर पत्र्याला टेकलेली असते, तेव्हाही पेटतो. पण टेस्टर नाही पेटला म्हणून निर्धास्तही होऊ नका." मग त्यांनी मला समोर बसवले आणि म्हणाले, "माझे हात थरथरतात. मी सांगतो, तुम्ही करा."

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की कामाला हात घालण्यापूर्वी बटण बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून बाहेर काढून आपल्या डोळ्यांपुढे ठेवायची. जुन्या घरांत कधी कधी बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले असते. बटण बंद दिसते, पेटी गप्प असते, आणि तरी फेजची तार आत जिवंतच असते.

मग दुसरी गोष्ट. भाऊ म्हणाले, संच बंद पडला की लोक आधी संचाला दोष देतात. आपण भिंतीपासून सुरुवात करून संचाकडे जायचे. त्या सॉकेटमध्ये दुसरे काही लावून पाहायचे. आम्ही टेबलावरचा दिवा लावला, तो नीट पेटला. म्हणजे सॉकेटात वीज आहे. नंतर पिन. नंतर वायर, विशेषतः तिच्या दोन माना: एक पिनेपाशी, एक पेटीत शिरते तिथे. वायर रोज वाकते ती या दोनच जागी. वरचे रबर साबूत दिसते, पण आतल्या केसासारख्या तारा एकेक करून तुटत जातात. शेवटी चार-दोन उरतात, त्या हलल्या की सुटतात आणि पुन्हा टेकतात. खर्र आवाज होतो तो तिथे. आणि जिथे तारा सैल टेकतात तिथे उष्णता होते. आमच्या पिनेचे प्लॅस्टिक एका अंगाने तपकिरी पडले होते, चहाचा डाग पडावा तसे. आपल्या घरची पिन तासभर काही चालल्यावर बाहेर काढून पाहा. हाताला गरम लागली किंवा असा डाग दिसला, तर ती बदलण्याची वेळ आली असे समजा.

पिन उघडली. इथे मला जे दिसले ते मी विसरणार नाही. पेटीतून आलेली वायर तीन तारांची, आणि लावलेली पिन दोन काट्यांची! तिसरी, हिरवी तार कोणीतरी कापून, मागे दुमडून, चिकटपट्टीखाली दडपून टाकली होती. पेटी आमच्याकडे यायच्या आधीच कधीतरी, दोनच भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून, कोणी तरी ही सोय केली असणार.

ही हिरवी तार काय करते ते भाऊंनी सांगितले, ते मी माझ्या शब्दांत सांगते. फेजच्या तारेने वीज येते, न्यूट्रलच्या तारेने परत जाते. गाणे वाजायला या दोनच लागतात. हिरवी तार कापली तरी गाण्यात काडीचा फरक पडत नाही, म्हणूनच लोक ती बेधडक कापतात. तिचे एक टोक पेटीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेले असते आणि दुसरे भिंतीतून जाऊन जमिनीत पुरलेले असते. आतली एखादी तार सोलून पत्र्याला टेकली, तर ती वीज हिरव्या तारेने जमिनीत जाते, एकदम जास्त प्रवाह वाहतो आणि मेनचे बटण पडते. हिरवी तार नसेल तर काहीच पडत नाही. वीज पत्र्यावर वाट पाहत बसते. कोणी हात लावला की त्या माणसाच्या अंगातून जमिनीत जाते. म्हणून तीन पिनांत वरची पिन जाड आणि लांब असते. ती आधी आत शिरते आणि शेवटी बाहेर येते.

नवा थ्री पिन टॉप साठ रुपयांत आला. तो बसवायला मला अर्धा तास लागला. आता पाच मिनिटांत बसवते. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी सांगते. वायरीची खराब मान चार बोटे कापून टाकायची. बाहेरचे जाड रबर दोन बोटे सोलायचे, मग प्रत्येक तारेचे टोक अर्धे बोट. सोलताना आतल्या तारा कापू देऊ नयेत. शेवग्याची साल काढतो तसा हलका हात हवा. सुट्या तारा वातीसारख्या वळून एक करायच्या, एकही कुसळ बाहेर राहता कामा नये. लाल किंवा तपकिरी तार फेजची, ती 'एल' लिहिलेल्या जागी. काळी किंवा निळी न्यूट्रलची, ती 'एन'च्या जागी. हिरवी, किंवा नव्या वायरीत हिरवी-पिवळी, ती वरच्या जाड पिनेला. जुन्या वायरींत लाल-काळी-हिरवी आणि नव्यांत तपकिरी-निळी-हिरवीपिवळी असते, एवढे पाठ ठेवा. स्क्रू घट्ट आवळल्यावर एकेक तार हलके ओढून पाहायची. हिरवी तार बाकी दोघींपेक्षा जरा लांब ठेवायची, म्हणजे कोणी वायर हिसकलीच तर ती सर्वांत शेवटी सुटेल. आणि खालची पट्टी जाड रबरावर आवळायची, बारीक तारांवर नव्हे. ओढ रबराने सोसावी, तारांनी नव्हे. पुष्कळ पिनांत ही पट्टी नुसती लोंबत असते, आणि वायर पुन्हा पुन्हा तुटते ती त्यामुळे.

टॉप तर झाला. पण भाऊंनी भिंतीच्या सॉकेटाची परीक्षा घेतली, दिव्याची एक वायर फेजला आणि दुसरी तिसऱ्या भोकाला लावून. (हे काम त्यांचे, आपल्यापैकी कोणी करू नये.) दिवा पेटला नाही. म्हणजे तिसरे भोक नुसते शोभेचे, त्याच्या मागे तारच नाही! आमचे घर चिऱ्याचे, आजेसासऱ्यांच्या वेळचे. वीज नंतर आली ती दोन तारांनीच आली. तेव्हा अर्थिंग करून घ्यावे लागले. माहितीच्या इलेक्ट्रिशियनने परसात खड्डा खणून पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. आपल्याकडे खाली जांभा. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या जमिनीत वीज नीट मुरत नाही. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालायचे असते. मी तुळशीला घालते तेव्हा त्यालाही एक तांब्या घालते. त्याच वेळी मेनपाशी आरसीसीबी नावाचे बटण बसवले. आमचे ३० मिलिअँपिअरचे आहे. देव्हाऱ्यात जुन्या पद्धतीचा १५ वॅटचा बल्ब असतो ना, त्याला साधारण ६५ मिलिअँपिअर लागतात. त्याच्या निम्मी वीज जरी भलतीकडे गळाली, तरी हे बटण क्षणात घर बंद करते. या सगळ्याला माझी त्या वर्षीची भिशी लागली. पाटल्या मोडून घडवायच्या होत्या, त्या राहिल्या.

आता ऐका. सगळे झाल्यावर नवा टॉप नव्या सॉकेटात लावला, भाऊ शेजारी उभे, आणि मी बटण दाबले. खट्! सगळे घर बंद.

पुन्हा मेन चढवले, पुन्हा बटण दाबले, पुन्हा खट्. घरात एकच गिल्ला झाला. भावोजी आले होते, ते म्हणाले, "चांगली चालत होती वहिनी, खरखर तर करत होती नुसती. तुम्ही उघडलीत आणि पार बिघडवलीत." शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, हिरवी तार काढून टाका, आत्ता चालू होते की नाही बघा. आणि खरे सांगते, हिरवी तार काढली असती तर ती चालू झालीच असती. आईसुद्धा आतून म्हणाल्या, "चावू दे गो, मला सवय आहे. माझं कीर्तन तेवढं लाव." त्यांचा तो आवाज ऐकून माझा हात क्षणभर पुढे गेला होता.

भाऊ शांतपणे म्हणाले, "बटण पडलं याचा अर्थ करंट पत्र्यावर येतोय. आजवर तो आईंच्या बोटांतून जात होता, आता हिरव्या तारेतून गेला. एवढाच फरक."

यावर भावोजीही गप्प झाले. मी पिन काढली आणि ती पेटी दुसऱ्या दिवशी एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडे नेली. नुसते "चालत नाही" असे सांगितले नाही. सांगितले की पिन नवी आहे, अर्थिंग चांगले आहे, पत्र्यावर करंट येतो, मागे वायर शिरते तिथे बघ. त्याने पाच मिनिटांत दाखवले. वायर पत्र्यातून आत शिरते त्या भोकात एक रबराची कडी असते. ती झिजून कधीच पडली होती. पत्र्याच्या धारेने रबर घासून लाल तारेचे साल सोलले होते. पेटी जरा सरकली की उघडे तांबे पत्र्याला टेकायचे, सरकली की सुटायचे. आई म्हणत होत्या ना, कधी चावते, कधी नाही. ते अक्षरशः खरे होते.

त्याने नवी तीन तारांची वायर घातली, नवी कडी बसवली, हिरवी तार जिथे आवळली तिथला रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर आवळली आणि दोनशे वीस रुपये घेतले. पेटी आजही चालते.

भाऊंना मी नंतर विचारले, एवढी पुरी वीज पत्र्यावर होती तर आईंना नुसत्या झिणझिण्याच कशा? ते म्हणाले, "मे महिना होता, फरशी कोरडी होती. त्यांच्या पायांखाली वाट चांगली नव्हती, म्हणून थोडाच करंट गेला." आमच्या माजघराची फरशी पावसाळ्यात घामेजते, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. हळदीकुंकवाला तुम्ही तिथेच बसता. पाऊस लागायला तेव्हा तीन आठवडे होते.

आता तुमच्यापैकी काहींनी आधीच चिठ्ठ्या देऊन विचारले आहे, त्याची उत्तरे देते.

मोबाइलच्या चार्जरला, लहान रेडिओला दोनच पिना असतात, ते वाईट का? नाही. ज्या वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, तिच्या आतच दुहेरी आच्छादन केलेले असते. तिला अर्थिंग लागत नाही. वायर मुळात तीन तारांची आणि पिन दोन काट्यांची, तिथे संशय घ्यायचा. आपल्या घरी मिक्सर, फ्रिज, इस्त्री यांच्या पिना एकदा पाहा. तीन पिनांना दोन करणारी जोडपिन कुठे लावलेली असेल तर तीही याच घरातली.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल दोघींनी विचारले आहे. बोर्डावर तीन भोके दिसली तरी त्याच्या स्वतःच्या वायरीच्या टोकाला पिन किती काट्यांची आहे ते पाहा. दोनची असेल तर वरची तिसरी भोके खोटी.

ब्लूटूथच्या स्पीकरचा अडॅप्टर हरवला तर दुसरा चालेल का? व्होल्ट तेच हवेत, कमी नको, जास्तही नको. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. आणि गोल पिन असेल तर तिच्यात अधिक-उणे आत-बाहेर कसे आहे त्याचे बारीक चित्र दोन्हींवर छापलेले असते, ते जुळले पाहिजे. मुलांना भिंग घेऊन बसवा, त्यांना सापडते.

फ्यूज उडाला तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कधी करू देऊ नका. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच घाला, आणि तो पुन्हा उडाला तर थांबा, का उडतो ते आधी पाहून घ्या.

आणि पेटीचे झाकण मात्र मी उघडत नाही, तुम्हीही उघडू नका. आत कपॅसिटर म्हणून असतात, ते पिन काढल्यावरही काही वेळ वीज धरून ठेवतात. काही संचांत ती सव्वातीनशे व्होल्टपर्यंत असते. पिन, वायर आणि भिंतीतले सॉकेट कसे आहे ते पाहणे, एवढे आपले. पत्र्याच्या आतले काम शिकलेल्या माणसाचे.

मंडळाच्या या सभागृहातल्या बोर्डाचे काय, असे एक चिठ्ठी विचारते. काल भाऊंना घेऊन आले होते. व्यासपीठाजवळच्या सॉकेटाला अर्थिंग आहे, म्हणून आज माईक तिथूनच घेतला आहे. मागच्या खिडकीखालच्या सॉकेटाला नाही. भजनाच्या दिवशी आपण तिथे अँप्लिफायर लावतो आणि लोखंडी माईक ओठांशी धरतो. त्या सॉकेटावर मी कागद चिकटवून ठेवला आहे. कार्यकारिणीने तार ओढून घेण्याचा खर्च मंजूर करीपर्यंत तो कागद कोणी काढू नये, आणि ती मंजुरी आजच्या सभेत व्हावी अशी माझी सूचना आहे.

जुनी जळकी पिन, नवा टॉप, वायरीचा एक तुकडा आणि स्क्रू ड्रायव्हर मी टेबलावर ठेवला आहे. ज्यांना बसवून पाहायचा असेल त्यांनी चहाच्या आधी या, कारण नंतर मला आईंना औषध द्यायला घरी जायचे आहे.